आवारातला जुना डांबरी रस्ता: वर नवा थर द्यावा की आधी जुना उखडून काढावा?

प्रश्न — जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचे घर जुळे सोलापुरात आहे. फाटकापासून पोर्चपर्यंत जाणारा साधारण २४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा डांबरी रस्ता वडिलांनी घर बांधले त्याच सुमारास करून घेतला होता. पुढे पोर्चच्या बाजूच्या भागावर एकदा नवे कार्पेटही (डांबर-खडीचा पातळ थर) टाकले गेले. आता हा रस्ता नव्याने करायचा आहे आणि नेमक्या एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

रस्त्याची अवस्था सगळीकडे सारखी नाही. फाटकाजवळच्या भागात मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा पडल्या आहेत आणि पावसाळ्यात गाडी त्यावरून गेली की भेगांतून गढूळ पाणी वर येते. मधल्या भागाला भेगा फारशा नाहीत, पण डांबराचा काळेपणा जाऊन तो राखाडी पडला आहे आणि केर काढताना बारीक खडी झाडूबरोबर निघते. पोर्चजवळ गाडी उभी करतो तिथे ऑइलचे डाग पडून पृष्ठभाग मऊ झाला आहे. बागेच्या बाजूची कड तर बऱ्याच ठिकाणी ढासळली आहे.

दोन ठेकेदारांना बोलावून काम दाखवले. पहिल्याचे म्हणणे असे, की जुना डांबरी थर म्हणजे तयार पाया आहे. तो स्वच्छ झाडून, टॅक कोट (दोन थर एकमेकांना चिकटावेत म्हणून मारायचा पातळ डांबरी हात) मारून, वर २५ मिलिमीटरचे कार्पेट आणि सील कोट (पाणी आत शिरू नये म्हणून द्यायचा शेवटचा थर) केला की एका दिवसात काम उरकते. दुसरा म्हणतो, की सगळा रस्ता जेसीबीने उखडून, मुरूम आणि खडीपासून नव्याने सुरुवात केल्याशिवाय तो हात लावणार नाही. त्याचा खर्च अर्थातच पहिल्यापेक्षा बराच अधिक आहे. पोर्चची फरशी आज रस्त्यापेक्षा जेमतेम २० मिलिमीटर उंच आहे, ही गोष्टही मला खटकते आहे.

जुने डांबर काढणे खरोखर आवश्यक आहे का, असल्यास किती खोलीपर्यंत, आणि कंपाउंडची भिंत, नळाची पाइपलाइन व रस्त्याच्या कडेची सेप्टिक टँक यांना धक्का न लावता ते कसे काढावे, हे जाणकारांनी सांगावे. निघालेल्या राडारोड्याचे काय करायचे, हाही प्रश्न आहेच. पावसाळ्याआधी काम संपावे अशी इच्छा आहे.

उत्तर — निवृत्त शाखा अभियंता

नमस्कार. माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामावर गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या दोन्ही ठेकेदारांनी वरून पाहून निर्णय दिला आहे, आणि डांबरी रस्त्याचा निर्णय वरून देता येत नाही. आपण जे वर्णन केले आहे त्यात तीन वेगवेगळे आजार आहेत. मधला भाग राखाडी पडून खडी सुटते आहे, ते डांबराचे वय झाल्याचे लक्षण आहे. ऊन आणि हवेतला प्राणवायू यांमुळे डांबरातले हलके तेलकट घटक कमी होत जातात, ते कडक व ठिसूळ होते आणि खडीला धरून ठेवण्याची त्याची ताकद संपते. पोर्चजवळचा मऊपणा ऑइलमुळे आहे. डांबर आणि इंजिन ऑइल दोन्ही खनिज तेलापासूनच येतात, त्यामुळे सांडलेले ऑइल डांबर विरघळवते, आणि अशा जागेवर मारलेला टॅक कोट जुन्या थराला धरत नाही. हे दोन्ही आजार वरच्या थराचे आहेत.

फाटकाजवळचा आजार मात्र पायाचा आहे. जाळीदार भेगा पडतात तेव्हा वरचा थर चाकाखाली पुन्हा पुन्हा वाकून थकलेला असतो, आणि तो वाकतो याचे कारण खालचा पाया दबतो. पावसात गढूळ पाणी वर येते, म्हणजे खालची माती पाण्यात कालवून चाकाच्या दाबाने भेगांवाटे बाहेर पडते आहे. दर वेळी थोडी माती निघून जाते आणि खाली पोकळी वाढत जाते. अशा जागेवर २५ मिलिमीटरचे कार्पेट टाकले, तर खालच्या भेगा त्याच रेषेत वर उमटतात. सोलापूरच्या पावसाचा मोठा हिस्सा सप्टेंबरात पडतो, तेव्हा पहिल्याच परतीच्या पावसात ते दिसून येईल.

म्हणून पैसे ठरवण्याआधी तीन ठिकाणी तपासणीचे खड्डे घ्या: एक फाटकाजवळ, एक मध्ये, एक पोर्चजवळ. कटरने दीड फूट लांबी-रुंदीचा चौकोन कापून वरचा थर अखंड उचला आणि त्या तुकड्याची खालची बाजू उलटून पाहा. खडीवर काळे डांबर शाबूत असेल तर थर ठिसूळ असला तरी पाण्याने बिघडलेला नाही. खडी धुतल्यासारखी उघडी, आपल्या बेसाल्टच्या निळसर काळ्या रंगात दिसली आणि बोटाने सुटली, तर खालून पाणी येऊन डांबर खडीपासून सुटले आहे. त्यानंतर खालची खडी पाहा. १२ मिलिमीटरची सळई हाताने दाबून ती किती सहज आत जाते, खडीत काळी माती मिसळली आहे का, आणि मूळ काळी माती किती खोलीवर लागते, हे मोजून लिहून ठेवा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. सोलापुरात उन्हाळ्यात मोकळ्या जागेत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण सगळेच पाहतो.

आणखी एक काम करा. खड्डे ताडपत्रीने झाकून काही दिवस उघडे ठेवा आणि नळाला पाणी येते त्या दिवशी व मधल्या कोरड्या दिवशी त्यांत डोकावून पाहा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि ही अडचण इथे तपासणीच्या कामी येते. पाण्याच्या दिवशी फाटकाजवळच्या खड्ड्याच्या कडा ओल्या झाल्या आणि इतर दिवशी सुकल्या, तर गळती आपल्या जोडणीत आहे.

काढण्याच्या पद्धतीबद्दल. महापालिकेच्या रस्त्याला जिथे आपला रस्ता मिळतो तिथे आणि पोर्चच्या फरशीला लागून, दोन्हीकडे दोरी मारून कटरने सरळ काप घ्या. काप न घेता उखडायला सुरुवात केली तर पलीकडचा चांगला थरही तुकड्यांसह उचलला जातो आणि कड वाकडी राहते. सार्वजनिक रस्त्याची कड परवानगीशिवाय तोडू नये, म्हणून काप आपल्या हद्दीतच असू द्या. जेसीबीने बकेटचे दात खाली खुपसून ओरबाडू नये. कडेकडून थराच्या खाली बकेट सपाट सरकवून तो वर उचलायचा असतो, म्हणजे लादीसारखे तुकडे निघतात आणि खालची खडी जागेवर राहते. दात खोल गेले की चांगली खडी आणि काळी माती एकत्र होते, आणि मग ती खडीही टाकून द्यावी लागते. चालकाला हे काम सुरू होण्याआधी सांगा.

मिलिंग यंत्राचा (डांबरी थर वरून खरवडून काढणारे यंत्र) कुणी सल्ला दिला तर त्याच्या मागे लागू नका. ते यंत्र महामार्गाच्या लांबीसाठी आहे, ७२ चौरस मीटरसाठी ते आणणे परवडत नाही.

उत्तर — विजापूर रोड

साहेबांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. आमच्या आवारातला रस्ता असाच उखडून नवा केला, त्या अनुभवावरून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

सर्वांत आधी सेप्टिक टँकचा विचार करा. जेसीबीचे वजन साडेसात टनांच्या आसपास असते आणि घरगुती टाकीचा स्लॅब तेवढ्या वजनासाठी ओतलेला नसतो. टाकीच्या चारही कोपऱ्यांवर खडूने खुणा करून त्या भागात यंत्र येऊच देऊ नका. तेवढा पट्टा मजुरांकडून, हातातल्या ब्रेकरने आणि पहारीने काढून घ्या. चेंबरची झाकणेही आधीच उचलून, चेंबरच्या तोंडावर पत्रा ठेवा. नाहीतर खडी आत पडून पुढे ड्रेनेज तुंबते.

नळाची पाइपलाइन नेमकी कुठून गेली आहे हे घरात कुणाला नक्की आठवत नसते. मीटर आणि घरातली पहिली तोटी यांच्यामध्ये सरळ रेषा धरा आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दीड फुटापर्यंत फक्त हाताने काम करून घ्या. विजेची केबल जमिनीखालून आली असेल तर काम सुरू असताना मुख्य स्विच बंद ठेवलेला पुरत नाही, कारण मीटरच्या आधीची केबल तरीही चालूच असते. ती कुठून येते याची महावितरणकडून खातरजमा करून घेतलेली बरी.

भिंतीचे म्हणाल, तर धोका उखडण्यापेक्षा नंतरच्या दाबणीत अधिक असतो. कंपन करणारा रोलर जुन्या दगडी कंपाउंडला खेटून चालवला तर सांधे सुटतात. भिंतीलगतच्या दोन फुटांत कंपन बंद ठेवून नुसत्या वजनाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने पातळ थरांत दाबून घ्या.

वेळेबद्दल एक निरीक्षण सांगतो, ते फारसे कुणी सांगत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी डांबर इतके मऊ होते की ब्रेकरची छिन्नी त्यात रुतून बसते, तुकडा पडत नाही आणि मजूर थकतात. पहाटे तेच डांबर ठिसूळ असते आणि एका घावात मोठा तुकडा सुटतो. त्यामुळे उखडण्याचे काम उजाडताच सुरू करून साधारण नऊ-दहापर्यंत थांबवायला सांगा. नवे डांबर टाकताना याच्या उलट. तेव्हा दुपारची उष्णता उपयोगी पडते, कारण माल लवकर थंड होत नाही.

आणि पोर्चच्या फरशीबद्दल आपल्याला जे खटकते आहे ते अगदी योग्य आहे. फरशी २० मिलिमीटर वर आणि नवा थर २५ मिलिमीटरचा, म्हणजे रस्ता फरशीच्या वर जाणार आणि पाणी घराकडे वळणार. पहिल्या ठेकेदाराचा पर्याय याच एका कारणासाठी पोर्चकडच्या भागात बाद होतो. आमच्या शेजारच्या गल्लीत एका घराचा रस्ता थरावर थर चढत पायरीच्या बरोबरीला आला आहे, आणि त्यांच्या दारात पावसाळाभर विटांचा बांध घातलेला असतो.

उत्तर — बार्शी

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु एका गोष्टीची भर घालणे मला गरजेचे वाटते. ‘सगळे उखडा’ हे वाक्य ऐकायला खात्रीचे वाटते, आणि दुसऱ्या ठेकेदाराचा आग्रहही तोच दिसतो. पण इतक्या वर्षांच्या वाहतुकीने घट्ट बसलेली खडी नवीन खडीपेक्षा अनेकदा अधिक भरवशाची असते. ती उकरून पुन्हा पसरली आणि घरगुती कामावर मिळणाऱ्या लहान रोलरने दाबली, तर आधीचा घट्टपणा पुन्हा येईलच असे नाही. म्हणून ज्या भागात तपासणीच्या खड्ड्यात खडी स्वच्छ, कोरडी आणि घट्ट लागेल तिथे फक्त डांबरी थर काढावा आणि खडीला हात लावू नये. वरून पाणी शिंपडून, रोलरच्या दोन-चार फेऱ्या मारून, जिथे दबली तेवढी भर घातली की पुरते.

उखडलेल्या भागात उघड्या खडीवर थेट टॅक कोट मारून कार्पेट टाकण्याची चूक बरेच ठेकेदार करतात. खडीच्या थरावर आधी प्राइम कोट लागतो. हे पातळ इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक कालवलेले डांबर, खडीच्या पोकळीत मुरते, धूळ बांधते आणि वरच्या थराला पकड देते. प्राइम कोट एक दिवस मुरू द्यावा, त्यानंतर टॅक कोट आणि मग डांबरी माल. टॅक कोट तपकिरी असतो आणि पाणी उडाल्यावर काळा होतो; तो काळा होण्याआधी त्यावर माल टाकू देऊ नका.

शेवटी एक पर्यायही सुचवतो. फाटकाजवळ काळी माती वर आली असेल आणि तिथे नळ, ड्रेनेज अशा वाहिन्याही असतील, तर तेवढ्या तुकड्यात ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विचार करावा. जमीन थोडी हलली किंवा पाइप दुरुस्तीची वेळ आली तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. डांबर कापले की त्याचा सांधा कायमचा दिसतो आणि पाणी तिथूनच शिरते. पाया मात्र पेव्हरलाही तेवढाच चांगला करावा लागतो. पेव्हर म्हणजे पायाचा खर्च वाचला, असे कुणी सांगितले तर ते मानू नये.

उत्तर — अक्कलकोट रोड

राडारोड्याचा प्रश्न बाजूला पडला आहे, म्हणून त्यावर लिहितो. जुन्या थराची जाडी ५० मिलिमीटर धरली तर ७२ चौरस मीटरमधून ३.६ घनमीटर, म्हणजे सव्वा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा वर माल निघेल आणि त्याचे वजन आठ टनांच्या पुढे जाईल. तुकडे मोकळे झाले की तोच माल दोन ब्रासच्या जवळपास जागा घेतो. ट्रॅक्टरच्या किती खेपा लागतील हे यावरून आधीच ठरवा, आणि ठेकेदाराकडून उखडणे, भरणे आणि वाहून नेणे यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. हे दर एकत्र दिले की खेपांच्या संख्येवरून नंतर हमखास वाद होतो.

माल ओढ्यात, रिकाम्या प्लॉटवर किंवा रस्त्याच्या कडेला टाकू देऊ नका. बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी २०१६ मध्ये केंद्राचे स्वतंत्र नियम आले आणि लहान कामाचा कचराही वेगळा करून नेमलेल्या ठिकाणी देण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आली. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारून जागा समजून घ्या. काही मजूर हे तुकडे पाणी तापवायला किंवा चूल पेटवायला नेतात. त्याचा धूर अत्यंत घातक असतो, म्हणून तेवढे आवर्जून थांबवा.

खरे तर हा माल टाकून देण्याचा नाहीच. जुन्या डांबरी मालाचा नव्या रस्त्यात पुनर्वापर करण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी १२० ही स्वतंत्र मार्गदर्शिका २०१५ मध्ये काढली आहे. घरगुती पातळीवर एवढेच करता येते, की तुकडे घणाने फोडून सुपारीपासून लिंबाएवढे करायचे आणि मुरुमात मिसळून शेतातल्या वाटेवर किंवा गोठ्यासमोर पसरायचे. उन्हाळ्यात रोलर किंवा भरलेला ट्रॅक्टर त्यावरून फिरला की ते आपसूक थोडे बांधले जातात आणि पावसाळ्यात चिखल होत नाही. आमच्या कुंभारीकडच्या शेताच्या तोंडाशी अशीच वाट आहे. मोठाले तुकडे मात्र भरावात घालू नका; त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि वरचा भाग पुढे खचतो.

प्रश्नकर्ता — जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही खड्डे घेतले, त्याचे निष्कर्ष लिहितो.

पोर्चजवळ दोन डांबरी थर मिळून ६० मिलिमीटर जाडी निघाली. त्याखालची खडी इतकी घट्ट आहे की सळई दोन बोटेही आत गेली नाही, आणि त्याखाली चांगला पिवळट मुरूम आहे. मधल्या खड्ड्यात एकच थर ४५ मिलिमीटरचा, खालून पाहिला तर खडीवर डांबर शाबूत, पण हाताने तुकडा मोडता येतो. खडी तिथेही कोरडी व घट्ट आहे.

फाटकाजवळचे चित्र अगदी निराळे आहे. वरचा थर उचलताना हातातच भुगा झाला आणि खालच्या बाजूची खडी धुवून काढल्यासारखी उघडी दिसली. त्याखाली जेमतेम १०० मिलिमीटर खडी आहे, तीही काळ्या मातीत कालवलेली, आणि मुरूम जवळजवळ नाहीच. लगेच काळी माती लागते. सळई हाताच्या जोराने वीतभर आत गेली. बाहेर एवढे ऊन असताना ती माती हाताला चिकटत होती. नळाला पाणी आले त्या दिवशी खड्ड्याच्या मीटरकडच्या कडेतून दोन-तीन तासांत पाणी पाझरू लागले आणि तळाशी साचले. पाणी जाऊन दोन दिवस झाल्यावर ते ओसरले. प्लंबरने मीटरपासून पुढे खणून पाहिले, तेव्हा जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा एक सांधा पूर्ण गंजलेला मिळाला.

खराब भाग फाटकापासून साधारण ८ मीटरपर्यंत आहे असे आणखी एक लहान खड्डा घेऊन नक्की केले. आता पुढे कोणत्या क्रमाने जावे?

उत्तर — निवृत्त शाखा अभियंता

आपण तपासणी फार नीट केली आहे. आता दोन्ही ठेकेदारांना बोलावून हेच खड्डे दाखवा आणि काम दोन भागांत लिहून द्या.

पहिले काम नळाचे. गंजलेला सांधा तेवढा बदलून थांबू नका. बाकीचा जीआय पाइपही त्याच वयाचा आहे. मीटरपासून घरापर्यंत नवी एचडीपीई (न गंजणारी प्लास्टिकची) पाइप टाका आणि रस्त्याखालचा भाग मोठ्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपातून ओढून घ्या, म्हणजे पुढे कधी बदलायची झाली तर रस्ता फोडावा लागणार नाही. पाण्याच्या निदान दोन पाळ्या होऊन खड्डा कोरडा राहिल्याची खात्री झाल्यावरच पुढे जा.

मधल्या आणि पोर्चकडच्या १६ मीटरमध्ये फक्त डांबरी थर काढा. बार्शीच्या सद्गृहस्थांनी जे लिहिले आहे ते बरोबर आहे, तिथली खडी उकरू नये. पोर्चजवळ ६० मिलिमीटर निघणार आणि नवा थर ३० मिलिमीटरचा बसणार, म्हणजे रस्ता फरशीपासून आजच्यापेक्षा आणखी ३० मिलिमीटर खाली जाईल आणि आपल्याला हवा तो उतार मिळेल. तीन मीटर रुंदीत बागेच्या बाजूला ६ सेंटिमीटर उतार ठेवा. पण बागेच्या कडेला काँक्रीटची लहान कड आणि तिच्याबाहेर पाणी फाटकाकडे नेणारी उथळ नाली केल्याशिवाय हा उतार देऊ नका, नाहीतर पाणी पुन्हा कडेतून पायात शिरेल.

फाटकाकडच्या ८ मीटरमध्ये तयार पृष्ठभागापासून ४५ सेंटिमीटर खोल खोदा. २४ चौरस मीटरचे हे खोदकाम पावणेचार ब्रासच्या आसपास भरते आणि माती मोकळी झाली की पाच ब्रासपर्यंत जाते. तळाची काळी माती उघडी पडल्यावर तिला उन्हात दिवसेंदिवस सुकू देऊ नका. भेगा पडलेल्या, वाळून कोळ झालेल्या काळ्या मातीवर भराव घातला तर पहिल्या पावसात ती फुगून वरचे सगळे उचलते. तिच्यावर पाणी शिंपडून ती मऊसर ओलसर करा, दाबा आणि लगेच मुरूम टाका. चुना मिसळून काळी माती सुधारता येते हे खरे आहे, परंतु एवढ्या लहान जागेत तो सारखा कालवला जात नाही, म्हणून मी मुरूमच सुचवेन. मुरूम ओला करून तळहातावर चोळून पाहा. मातीसारखा चिकटला तर तो परत पाठवा. सुमारे २७ सेंटिमीटर मुरूम तीन थरांत आणि त्यावर १५ सेंटिमीटर खडी दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून व दाबून. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा अर्धा भाग सैलच राहतो.

नवा आणि जुना पाया जिथे भेटतात तिथे खोदकामाची भिंत उभी ठेवू नका. मुरूम, खडी आणि डांबर यांचे सांधे फूटभर अंतराने पायरीसारखे मागे-पुढे घ्या, म्हणजे एकाच रेषेत भेग वर येणार नाही. खडीचा थर संपल्यावर मालाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली त्यावरून हळू चालवा आणि चाकाशेजारी बसून पाहा. खडी चाकाखाली लाटेसारखी हलली तर तेवढा भाग उकरून पुन्हा करायचा, डांबर टाकायचे नाही.

डांबर व्हीजी-३० प्रतीचे घ्या (व्हीजीपुढचा आकडा मोठा तेवढे डांबर घट्ट). आपल्या उन्हाळ्याला ते योग्य आहे, व्हीजी-१० या उन्हात मऊ पडते. ३० मिलिमीटरच्या थराला ७२ चौरस मीटरमध्ये पाच टन माल लागेल. एवढा थोडा माल प्लांटवरून एकट्यासाठी काढून मिळणे कठीण असते, म्हणून ठेकेदाराचे जवळपास दुसरे काम सुरू असेल त्याच दिवशी तो आणायला सांगा. टेम्पो ताडपत्रीने झाकलेला असावा, माल पसरताना १४० अंशांच्या खाली नसावा आणि ९० अंशांवर येण्याआधी दाबणी पूर्ण व्हावी. ठेकेदाराकडे धातूचा तापमापक नसेल तर आपण स्वतः एक विकत घ्या; तो महाग नाही, आणि तो हातात दिसला की माल आणणारेही वेळ पाळतात. त्यानंतर एक पूर्ण दिवस गाडी आत घेऊ नका, आणि पहिले काही आठवडे दुपारच्या उन्हात जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका.

मुरुमाचा शेवटचा थर दाबून झाला की त्याचे छायाचित्र आणि थरांची मोजमापे इथे टाका. खडीची गाडी मागवण्याआधी नळाची आणखी एक पाळी जाऊ द्या आणि मीटरजवळची माती कोरडी आहे ना, एवढे पुन्हा पाहून घ्या.